हामरेचा प्लूटो

लिंडालच्या पाण्याच्या टाकीला पिवळा रंग द्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर केली ती व्हर्ना ओसननं. टाकी गावाच्या मालकीची, पण तिची देखभाल व्हर्नाकडे होती. वर चढून झाकण तपासायचं, हिवाळ्यात पाणी गोठू द्यायचं नाही, क्लोरीन बघायचं, ही सगळी कामं ती इतकी वर्षं करत आली होती की टाकीबद्दल कुणी काही बोललं तर तिला ते स्वतःबद्दल बोलल्यासारखं वाटे.

"पांढरा रंग काय वाईट होता?" तिनं सभेत विचारलं.

"पांढरा सूर्य कुणी बघितलाय का?" आर्लेन ट्वेट म्हणाला.

आर्लेन म्हणजे गावच्या शाळेचा विज्ञानाचा जुना मास्तर. निवृत्त झाल्यापासून त्याला दर वर्षी एक नवं खूळ सुचे, पण हे खूळ गावाला पटलं. टाकी म्हणजे चाळीस फूट रुंदीचा गोल चेंडू, उंच खांबावर ठेवलेला. त्याला सूर्य मानायचं आणि त्याच मापानं पश्चिमेकडे जाणाऱ्या काउंटीच्या रस्त्याच्या कडेनं एकेक ग्रह उभा करायचा. आकार त्याच मापाचे आणि अंतरंही त्याच मापाची. पृथ्वी साडेचार इंचाची, गावाबाहेर पाऊण मैलाच्या जरा पुढं. गुरू चार फुटांचा, चार मैलांवर. शनी आठव्या मैलाच्या अलीकडं. पुढं युरेनस आणि नेपच्यून, कलिंगडाएवढे, पण इतके लांब की तिथवर जायचं तर गाडीत पेट्रोल बघून निघायला हवं.

"आणि प्लूटो?" कुणीतरी विचारलं.

"पाऊण इंचापेक्षा थोडा मोठा. बत्तीस मैलांवर."

गावचा मेयर ड्वेन हॉफ धान्याच्या कोठाराचा मॅनेजरही होता आणि दोन्ही कामं एकाच आवाजात करायचा. तो म्हणाला, "प्लूटोला कशाला धरायचं? त्याला ग्रहांच्या पंगतीतून उठवलंय ना? नेपच्यूनवर थांबू. आठ मैलांचं पेट्रोल वाचेल."

"मी शाळेत शिकवलं तेव्हा तो ग्रह होता," आर्लेन शांतपणे म्हणाला. "माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला मी नऊ सांगितलेत. तुलाही."

हात वर झाले आणि प्लूटो राहिला.

व्हर्नाचा विरोध रंग लावून झाल्यावर मावळला. एका सकाळी ती नेहमीप्रमाणे पंपघराकडे निघाली आणि धुक्यातून ते पिवळं धूड वर येताना दिसलं. ती गाडी थांबवून तशीच बघत बसली. त्यानंतर आर्लेननं "खांब रोवायला तुझा पिकअप मिळेल का?" असं विचारलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "कधी?"

उन्हाळाभर दोघं खांब रोवत होते. बुध आणि शुक्र गावाच्या हद्दीतच झाले. गुरू शाळेच्या वर्कशॉपमध्ये जुन्या गॅसच्या टाक्यांची गोलाकार टोकं जोडून केला होता. तो उतरवायला ट्रॅक्टर लागला. पृथ्वीच्या खांबाजवळ, अकरा फुटांवर, एका बारीक सळीवर सव्वा इंचाचा चंद्र बसवला. सभेचा ठराव होता की चंद्र फक्त पृथ्वीला द्यायचा. बाकीच्यांना द्यायला बसलं तर गुरूपाशीच जन्म जाईल.

प्लूटोच्या दिवशी आर्लेनची पाठ धरली होती. व्हर्ना एकटीच निघाली. शेजारच्या सीटवर ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी रुमालात गुंडाळून ठेवलेली आणि मागं खांब, सिमेंट, पाण्याचे कॅन. नेपच्यूनच्या पुढं रस्त्याला गाडी नव्हती. दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं, मग गहू, मग नुसतं गवत.

मीटरवर बत्तीस मैल पुरे झाले तिथं एक लाकडी चर्च होतं आणि त्याच्यासमोर नीट कापलेली हिरवळ. पलीकडे एक घर. बाकी गाव नव्हतं. म्हणजे एके काळी होतं. दुकान, बँक, पोस्ट, दोन खोल्यांची शाळा. व्हर्नाचा जन्म इथला. हामरे. ती अकरा वर्षांची असताना तिचे आईवडील गाव सोडून लिंडालला गेले, आणि त्यानंतर या गावात गाडी थांबवायचं तिला कधी कारण पडलं नव्हतं. कारण पडलं नाही, असं ती म्हणायची.

ती जागा मोजत असताना घरातून एक म्हातारा बाहेर आला. उंच, पाठीत वाकलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"सरकारी मोजणी?" त्यानं विचारलं.

"नाही, मिस्टर बाक्केन. मी व्हर्ना. ओले ओसनची."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. सेल्मर बाक्केन शाळेची बस चालवायचा. हामरेची शाळा बंद झाली तेव्हा इथल्या पोरांना रोज लिंडालला नेण्याचं काम त्याच्याकडे आलं.

"डावीकडची चौथी सीट," तो म्हणाला. "शाळा यायच्या आत डबा संपवायचीस."

"भूक लागायची. तास-तास बसायला लागायचं."

"सेल्मर म्हण. आता तुझेही केस पांढरे झालेत. हा खांब कसला?"

व्हर्नानं सांगितलं. टाकी, सूर्य, मापं, सगळं. मग तिनं रुमाल उलगडून गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. सेल्मरनं ती उन्हात धरून बघितली.

"लिंडालवाल्यांनी आमची शाळा नेली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती यादी होती. "मग पोस्ट नेलं. मग चर्चची घंटा नेली, म्हणाले इथं वाजवायला कोण आहे. आता काहीतरी आणून देताय, आणि ते हे. तेही पंगतीतून उठवलेलं."

"सेल्मर, मी जागा निवडलेली नाही. मापानं इथंच येतं."

"तुमचा गुरू केवढा आहे?"

"माझ्या छातीपर्यंत येतो."

"तो इथं बसला असता तर बरं झालं असतं. गुरं तरी सावलीला उभी राहिली असती."

व्हर्नाला हसू आलं, पण म्हातारा हसत नव्हता म्हणून तिनं ते गिळलं. त्यानं तिला घरात बोलावलं, कॉफी दिली. स्वयंपाकघर लख्ख होतं. खिडकीतून चर्चमागची दफनभूमी दिसत होती आणि त्यात एक दगड बाकीच्यांपेक्षा नवा होता. सेल्मरची बायको सिग्ने जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे व्हर्नाला माहीत होतं. अंत्यविधीला ती आली नव्हती. त्या दिवशी टाकीचा पंप बिघडला होता. पंप खरंच बिघडला होता, पण दुपारपर्यंत सुरूही झाला होता.

"याला चंद्र आहे?" सेल्मरनं विचारलं. गोळी टेबलावर, साखरेच्या भांड्याला टेकवून ठेवलेली.

"पाच आहेत. चार अगदीच चिमुकले. एक मोठा, कॅरन नावाचा."

"मोठा म्हणजे?"

"याच्या निम्म्या रुंदीचा."

"आणि आपला चंद्र पृथ्वीच्या मानानं?"

"चौथा हिस्सा. त्याहून किंचित जास्त."

"गुरूचे?"

"गुरूच्या सगळ्यात मोठ्या चंद्राएवढे सत्तावीस शेजारी शेजारी ठेवले तर कुठं गुरूची रुंदी भरेल. आर्लेननं आम्हाला घोकून घेतलंय."

"मग हाच एक असा, ज्याची जोडी जवळपास बरोबरीची आहे."

"हो. दोघं एकमेकांकडे तोंड करून फिरतात. कुणी पाठ फिरवत नाही."

सेल्मरनं कॉफीचा कप खाली ठेवला. "मग तो दुसरा कुठाय?"

"तो ठरावात नाही. चंद्र फक्त पृथ्वीला द्यायचं ठरलंय."

"मग हाही घेऊन जा," तो म्हणाला. "एकटा ठेवायचा असेल तर इथं नको. एकटा राहणारा एक जण या गावात आधीच आहे. दुसऱ्याला जागा नाही."

त्यानं गोळी पुन्हा रुमालात गुंडाळली, व्यवस्थित गाठ मारली आणि तिच्या हातात दिली. व्हर्नानं वाद घातला नाही. सिमेंटच्या पिशव्या जशा आणल्या तशा परत घेऊन ती निघाली.

पुढच्या सभेत तिनं सांगितलं तेव्हा ड्वेननं डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. तो असं करायचा तेव्हा सभा लांबणार हे सगळ्यांना कळायचं.

"एका माणसाच्या हट्टासाठी ठराव बदलायचा? तिथं चर्चच्या अलीकडं रोवू, रस्त्याच्या कडेला. रस्ता काउंटीचा आहे."

"रोवता येईल," व्हर्ना म्हणाली. "पण मी रोवणार नाही. पिकअप माझा आहे."

"प्लूटोला चंद्र दिला की उद्या गुरूवाले मागतील."

"गुरूवाले कोण?"

"शाळेची पोरं. त्यांनी गुरू केलाय."

आर्लेन इतका वेळ पाठीमागं उशी घेऊन गप्प बसला होता. त्यानं कागद ओढला आणि आकडे लिहायला लागला. "हट्टात तथ्य आहे," तो म्हणाला. "गुरूचा गॅनिमिड बुधापेक्षा मोठा आहे. शनीचा टायटनही. आपल्या मापानं दोघंही पावणेदोन इंचांच्या वर, बुध त्याच्या आत. नुसता आकार बघितला तर ते दोघं आधी हवेत. पण आपण आकार कशाच्या शेजारी बघायचा? ज्याच्याभोवती फिरतो त्याच्या. जो चंद्र आपल्या धन्याच्या किमान पाव तरी आहे, तो ठेवायचा. असा नियम केला तर किती बसतात बघू."

पेन्सिल बराच वेळ चालली. ड्वेननं टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"दोनच," आर्लेन म्हणाला. "आपला आणि प्लूटोचा. बाकी सगळे धन्यापुढं बारीक."

"म्हणजे बुधापेक्षा मोठा गडी बाहेर, आणि अर्ध्या इंचाचा आत?" ड्वेननं विचारलं.

"अर्ध्या इंचापेक्षाही लहान. पण कुणाशेजारी उभा आहे ते बघ ना."

ड्वेननं थोडा विचार केला. "पोरांना तूच समजावून सांग," तो म्हणाला, आणि हात वर केला.

त्या आठवड्यात व्हर्ना पुन्हा हामरेला गेली. या वेळी रुमालात दोन गोळ्या होत्या. सेल्मरनं स्वतः खड्डा खणला, तिला फावडं हातात घेऊ दिलं नाही. एकाच खांबावर आडवी पट्टी, तिच्या एका टोकाला प्लूटो आणि पावणेसात इंचांवर, वीतभराच्या आत, कॅरन. सिमेंट वाळेपर्यंत दोघं चर्चच्या पायरीवर बसले.

"सिग्नेच्या वेळी मी आले नव्हते," व्हर्ना म्हणाली.

"माहीत आहे."

"यायला हवं होतं."

"हो," सेल्मर म्हणाला. "ती कुणाचं मनावर घ्यायची नाही. मी घ्यायचो." आणि उठून सिमेंट वाळलं का ते बोटानं बघायला गेला.

उद्घाटन सप्टेंबरात झालं, कापणीचा जोर ओसरल्यावर. टाकीखाली शाळेचा बँड वाजला, ड्वेननं भाषण केलं, आणि मग सगळ्यांनी गाड्या काढून पश्चिमेकडे निघायचं ठरलं. गुरूपाशी तर जत्राच भरली. पोरांनी त्याला मिठ्या मारून फोटो काढले. शनीपाशी गाड्या कमी झाल्या. युरेनसनंतर लोकांना घरची कामं आठवू लागली. प्लूटोपर्यंत पोचल्या त्या तीन गाड्या.

सेल्मरनं चर्च उघडून ठेवलं होतं. तळघरातल्या लांब टेबलांवर कागद अंथरलेले, शंभर माणसांना पुरेल अशा मोठ्या पातेल्यात कॉफी आणि ताटलीभर लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. नऊ माणसं आत आली. त्यांनी त्या लांबलचक टेबलांकडे पाहिलं आणि मग सगळी एकाच टेबलाच्या एका टोकाला बसली.

"बाकीचे मागून येतायत का?" सेल्मरनं विचारलं.

"नाही," व्हर्ना म्हणाली.

"बरं." त्यानं कप भरायला घेतले.

आर्लेन आला होता, पाठीला पट्टा बांधून. खाता खाता एका बाईनं त्याला विचारलं, की रस्ता इथंच संपवला, पुढचा तारा कुठं येईल?

"या मापानं? सगळ्यात जवळचा तारा दोन लाख मैलांच्या वर. खराखुरा चंद्र आकाशात जितका लांब आहे ना, जवळपास तितका."

सगळे खाणं थांबवून त्याच्याकडे बघू लागले. आर्लेनला असं टेबल फार दिवसांनी मिळालं होतं.

"आणि आपला सूर्य काही मोठा नाही बरं का. मृग नक्षत्रातला तांबडा तारा घ्या. तो आणून आपल्या टाकीच्या जागी ठेवला, तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे त्याच्या पोटात. गुरू तेवढा बाहेर राहील."

"आणि आकाशगंगा?" सेल्मरनं उभ्याउभ्याच विचारलं.

"ती मांडायला पृथ्वी पुरायची नाही. चाळीस फुटांचा सूर्य धरला तरी ती खऱ्या सूर्यापासून खऱ्या प्लूटोपर्यंत पोचेल आणि वर उरेल. आणि तशा आकाशगंगा कुणाला अजून मोजून संपलेल्या नाहीत."

सेल्मर कॉफीचं भांडं घेऊन आर्लेनजवळ आला.

"आणि लिंडालच्या लोकांना बत्तीस मैल लांब पडतात," तो म्हणाला. मग त्यानं आर्लेनचा कप भरला. यावर सगळे हसले, आर्लेन सगळ्यात जास्त. सेल्मरच्याही तोंडावर काहीतरी हललं.

सगळे गेल्यावर व्हर्नानं कप विसळले. सेल्मरनं उरलेली कॉफी बाहेर गवतावर ओतली. बरीच उरली होती. परत आत येऊन तो म्हणाला, "तुमचा सूर्य मी बघितलेला नाही. डोळ्यांमुळं गाडी चालवणं सोडलं तेव्हापासून तिकडं गेलो नाही."

"चला मग. कोट घ्या."

ती हळू चालवत होती. नेपच्यूनपाशी तो खाली उतरला, निळ्या गोळ्यावर हात ठेवून परत आला. युरेनस मागं पडल्यावर बऱ्याच वेळानं समोर आभाळाच्या कडेला एक पिवळा ठिपका दिसला. आधी तिला दिसला, मग त्याला. शनीच्या कड्याखालून त्यानं वाकून बघितलं. गुरूपाशी त्यानं टोपी काढली, पण बहुधा गरम होत होतं म्हणून. प्रत्येक थांब्यावर तो आधी ग्रह बघायचा आणि मग समोरचा पिवळा गोळा किती वाढला ते बघायचा.

पृथ्वीच्या खांबाशी व्हर्नानं गाडी कडेला घेतली. "इथं जरा मागंही बघा," ती म्हणाली.

कापणीची धूळ हवेत होती, त्यामुळं पश्चिमेला उतरलेला सूर्य नुसत्या डोळ्यांनी बघता येईल इतका मऊ झाला होता. समोर पूर्वेला टाकी. सेल्मरनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग हात लांब करून करंगळीच्या टोकाआड टाकी झाकली, वळला आणि त्याच करंगळीआड सूर्य झाकला.

"सारखेच आहेत," तो म्हणाला.

"म्हणून तर खांब इथं आहे. इथूनच ते सारखे दिसतात."

तो खांबावरच्या साडेचार इंचांच्या निळ्या गोळीकडे वळला. वाकून, डोळे बारीक करून त्यानं ती खालून-वरून पाहिली. तिच्यावर पोरांनी खंड रंगवले होते, जरा वाकडेच.

"आपण यात कुठं आलो?"

व्हर्नानं उत्तर अमेरिकेच्या मध्यावर नखाचं टोक ठेवलं. नखाखाली निम्मा देश झाकला गेला.

"लिंडाल आणि हामरे दोन्ही?"

"दोन्ही. मध्ये मैलभरही फट दिसत नाही."

"हं," सेल्मर म्हणाला.

नंतर ती त्याला टाकीखाली घेऊन गेली. त्यानं मान वर करून बराच वेळ बघितलं, मानेत कळ आली तेव्हा पिकअपला टेकून बघितलं. मग म्हणाला की भूक लागली आहे. हॉटेलात त्यानं बटाट्याचं सूप घेतलं आणि त्यात मीठ कमी आहे हे वाढणाऱ्या बाईला सांगितलं. ती बाई त्याच्याच बसमधून शाळेला जायची. तिनं मिठाची बाटली त्याच्यापुढं ठेवली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसून त्याच्या गुडघ्यांची चौकशी करू लागली. हळूहळू आणखी दोघं-तिघं आपले कप घेऊन त्या टेबलाशी आले. व्हर्ना खुर्ची मागं सरकवून बसून राहिली. तिला घाई नव्हती.

परत निघाले तेव्हा अंधार पडला होता. गुरू गेल्यावर सेल्मरची मान कलली आणि तो झोपला. तिनं रेडिओ बंद केला. त्या हिवाळ्यात ती दर गुरुवारी त्याला आणायला जायची आणि सोडायलाही. प्लूटो बघायला अधूनमधून बाहेरगावची माणसं येत, म्हणून काउंटीनं हामरेपर्यंतचं बर्फ काढायला सुरुवात केली, आणि त्याचं श्रेय ड्वेननं घेतलं. कुणी हरकत घेतली नाही.

पण ते पुढं. त्या रात्री त्याच्या दारात गाडी थांबवून तिनं इंजिन बंद केलं, तेव्हा तो त्या शांततेनं जागा झाला.

"पोचलो?" त्यानं विचारलं.

"पोचलो," ती म्हणाली, आणि त्याच्या बाजूचं दार उघडायला खाली उतरली.